गाडी उठत नव्हती

मागच्या महिन्यात परतूरहून एक गृहस्थ मला शोधत कचेरीत आले. त्यांच्या मेव्हण्याला तोच आजार झाला आहे जो मला झाला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जालन्याकडचा एक ड्रायव्हर यातून उठला, त्याला जाऊन विचारा. मी त्यांना चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत जे सुचलं ते सांगितलं. ते बिचारे मान हलवत ऐकत होते, पण मला कळत होतं की आपण कामाचं काहीच सांगत नाही आहोत. त्यांना गाडी पकडायची होती, ते गेले. मग मी वही घेऊन बसलो.

मी सातवी पास आहे, तेव्हा लिहिण्यात चूकभूल होणार. आजाराचं खरं नाव लांबलचक आहे, परदेशी आहे, आणि मला ते अजून नीट म्हणता येत नाही. शिरांना सूज येते, पायापासून सुरू होतं आणि वर चढत जातं, इतकं मला समजलं. औषधांची नावं विचारू नका. बाकी जे जसं झालं तसं लिहितो.

*

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दीड वर्ष झालं होतं. मी सरकारी जीप चालवत होतो. आमच्या धावड्यात आमच्या आळीतला सरकारी नोकरीला लागलेला मी पहिला माणूस. धर्मांतर झालं तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो, आणि तेव्हा आमच्या आळीत कुणाकडे सायकलसुद्धा नव्हती. मी जीप घेऊन गावात गेलो की म्हातारी माणसं बोनेटला हात लावून बघायची. माझी बायको कौसल्या तेव्हा मुद्दाम कामाला बाहेर यायची. मला हे सगळं फार आवडायचं, उगाच नाही म्हणत नाही.

धावड्याच्या अलीकडे एक चढ आहे. त्या चढावर मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घेऊन चढवायचो, आमच्या साहेबांना त्याचं कौतुक होतं. एके दिवशी सकाळी गाडी तिसऱ्यात चढेना. दुसरा टाकला, तरी कुंथायला लागली. शेवटी पहिल्या गिअरमध्ये कशीबशी वर आणली. साहेबांनी विचारलं काय झालं, तर मी सांगितलं की गाडीचा पिकअप गेला, गाडी उठत नाही. लॉगबुकातही तेच लिहिलं.

दोन-तीन दिवस मी त्या गाडीला शिव्या घालत होतो. पायाला मुंग्या येत होत्या, तळव्याला जाड कापड गुंडाळल्यासारखं वाटत होतं, पण त्याचं खापर मी नव्या चपलेवर फोडलं. त्याआधी दोन आठवडे मला ताप येऊन जुलाब झाले होते, ते मी विसरूनही गेलो होतो.

*

जालन्याला हमीदभाई नावाचे मिस्त्री होते. आमच्या कचेरीच्या गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग साफ केले, पॉइंट बघितला. मी गाडी चालवून बघितली, तीच गत. त्यांनी क्लच बघितला, पेट्रोलची नळी फुंकली. पुन्हा तीच गत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो, म्हटलं तुमचा हात आता गेला. हमीदभाईंनी मला बाजूच्या सीटवर बसायला सांगितलं, स्वतः स्टेअरिंगवर बसले आणि गाडी भोकरदन रस्त्याला काढली.

गाडी अशी उठली की माझं डोकं मागे आपटलं. पहिला, दुसरा, तिसरा, झाडं मागे जायला लागली. पंधरा वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर मी, आणि मला बाजूला बसून गाडीचं काय करतात ते कळेना.

त्यांनी गाडी बाभळीखाली लावली, खाली उतरले, माझ्या बाजूला आले आणि माझ्या उजव्या पायाखाली आपला तळहात धरला. म्हणाले, "रेस दे."

मी दाबलं.

"दे ना."

"दिली की."

हमीदभाईंनी हात काढून घेतला. "गाडी बिलकुल बराबर हाय, किसन," ते म्हणाले. "तुझा पाय देऊन न्हाई राह्यला."

मला हसू आलं. मी उतरायला गेलो आणि गुडघ्यातून दुमडून रस्त्यावर बसलो. उठता आलं नाही. माझं निदान पहिल्यांदा केलं ते एका मोटार मिस्त्रीने, हाताला ग्रीस असताना, हे मी मोठ्या डॉक्टरांना नंतर सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

*

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात मला माझ्याच जीपमधून नेलं. मी मागे आडवा आणि हमीदभाई पुढे. कौसल्या माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, एका हाताने तिने माझं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझी नवी चप्पल. ती चप्पल तिने कशाला घेतली होती कोण जाणे.

एका तरुण डॉक्टरने गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्याने दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही उडाला नाही. मग तो जरा घाईने बाहेर गेला आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. संध्याकाळी मोठे डॉक्टर कॉटवर बसले आणि नीट समजावून सांगितलं. हे वर चढणार. कुठपर्यंत चढणार ते सांगता येत नाही. एका ठिकाणी थांबणार, काही दिवस तिथंच राहणार आणि मग उतरणार. उतरायला महिने लागतात. बहुतेक लोक चालायला लागतात. छातीपर्यंत गेलं तर श्वासाचं बघावं लागेल.

कौसल्याने विचारलं, गाडी चालवता येईल का. ते म्हणाले, आधी श्वास बघू.

या प्रसंगी माणसाचे हातपाय गळतात म्हणतात. माझे आधीच गळाले होते, त्यामुळे वेगळं काही झालं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. मी आतून शोधून बघितलं, पण पायासारखंच मनही दाबलं तरी काही देत नव्हतं. परतूरच्या त्या गृहस्थांना मला हे सांगायचं होतं, की तुमचा मेव्हणा थंड पडून राहिला, बोलला नाही, रडला नाही, तर त्याला धीट समजू नका आणि कठोरही समजू नका. त्याला आत शिरताच येत नसतं.

*

रोज सकाळी तरुण डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा. छातीत किती जोर उरला आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी मी अडतीसपर्यंत गेलो. मला वाटलं पास झालो. दुसऱ्या दिवशी एकोणतीस, मग बावीस. हात उचलेनासे झाले त्या दिवशी सोळा. त्या दिवशी कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेलं एक यंत्र ढकलत आणून माझ्या कॉटजवळ ठेवलं. कशाचं आहे ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कौसल्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण आकडे ती माझ्यासोबत ओठातल्या ओठात म्हणायची. मी थांबलो की तीही थांबायची. मी तेराला थांबलो तर तिचे ओठ चौदासाठी उघडलेले राहायचे. ते मला बघवायचं नाही, म्हणून मी एकदा चोरी केली. सात आणि आठच्या मधे नाकाने हळूच श्वास ओढला आणि अठरापर्यंत गेलो. डॉक्टर खूश झाले. केरळच्या एक सिस्टर होत्या, त्या मागे उभ्या होत्या. त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या की पेशंटने खोटं श्वास घेतला, परत घ्या. परत घेतला तर अकरा.

दुसऱ्या दिवशी नऊ. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नऊ. तिसऱ्या दिवशी नऊ म्हणून मी थांबलो आणि कसा कोण जाणे, दहा निघाला. सिस्टरनी कार्डावर लिहिलं आणि जाताना माझ्या कपाळावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. तेवढं मला कळलं, कारण कपाळ शाबूत होतं. चार दिवसांनी ते यंत्र परत कोपऱ्यात गेलं.

*

पाठीवर पडलेल्या माणसाला छतच बघावं लागतं. आमच्या वॉर्डात एक पाल होती. दुपारभर ती एका जागी चिकटून असायची, मेली की काय वाटावं इतकी. मग एखादी माशी बसायची आणि पाल हातभर पुढे असायची. मधलं काही दिसायचंच नाही. मी डोळे ताणून बघायचो की ही निघते कधी, पण निघालेली मला एकदाही सापडली नाही.

ड्रायव्हर माणसाला यातलं थोडं कळतं. चालत्या गाडीला चालायला फार लागत नाही. ती आपल्या ओघात जाते, तिला नुसतं जपायचं. खरा जोर लागतो तो उभी गाडी हलवायला, म्हणून तर पहिला गिअर एवढा दणकट. मी पंधरा वर्षं रोज हे काम पायाच्या अंगठ्याने केलं आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या पालीला हे कसं जमतं ते मला कळायचं नाही. एवढासा जीव, ना इंजिन ना पेट्रोल.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. महिनाभराने हात हलायला लागले, मग मांड्या. त्यांनी घोट्याला वाळूची पिशवी बांधली आणि पाय वर करायला लावला. मी हळूहळू केला. दुसऱ्या आठवड्यात दुप्पट वाळू, तीही उचलली. मी म्हटलं, बाई, ताकद आली, आता सोडा मला. त्यांनी पिशवी सोडून टाकली, माझ्या पायापुढे हात धरला आणि म्हणाल्या, चटकन मारा माझ्या हातावर. मी मारलं. पाय गेला, पण सावकाश गेला, म्हशीने शेपूट हलवावी तसा. त्या म्हणाल्या, उचलणं वेगळं आणि झटका वेगळा. वजन हळू उचलता येतं ती ताकद लवकर परत येते. तीच ताकद क्षणात देता यायला वेळ लागतो, आणि काहींना ती पुरती येतही नाही. मी विचारलं, गाडीला कुठली लागते. त्यांना गाडी येत नव्हती.

*

कौसल्या रोज सकाळी माझ्या पायाच्या अंगठ्याला चिमटा घ्यायची आणि विचारायची, कळलं का. पहिले काही दिवस मी नाही म्हटलं. नाही म्हटलं की ती डबा घासायला जायची. धावड्याला सासूकडे दोन मुली ठेवून आलेली बाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपणारी, तिला रोज सकाळी नाही सांगायचं मला जमेना. एके दिवशी मी म्हटलं, हो, कळलं. ती हसली. मग मी रोजच म्हणायला लागलो.

आठवडाभराने ती अशीच पायथ्याशी बसली आणि विचारलं, कळलं का. मी म्हटलं, कळलं, आज तर चांगलं कळलं.

"मी अजून हातच न्हाई लावला," ती म्हणाली.

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "तुमी मला बरं वाटावं म्हून खोटं बोलता, अन् मी त्याच्यावर गावाला सांगावे धाडून राह्यले." तिने माझ्या आईला, भावाला, सगळ्या आळीला कळवलं होतं की पायात जीव आला. मला लाज वाटायला पाहिजे होती. थोडीशी वाटली. तेवढ्याचंही मला बरं वाटलं, कारण कित्येक दिवसांत काहीतरी वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.

*

तिसऱ्या महिन्यात दोघांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिलो आणि मला घरी सोडलं. साहेबांचा निरोप आला होता. माझ्या जागी बदली ड्रायव्हर ठेवला आहे, दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवता येईल. तोवर डॉक्टरचा दाखला आणला आणि गाडी चालवून दाखवली तर जीप माझी. नाहीतर बदलीवाला कायम होणार. त्या दिवसापासून माझ्या घरात दुसरा विषय नव्हता.

माझा थोरला भाऊ रामदादा. आमच्या भागात शंकरपट भरतो, म्हणजे बैलांची शर्यत. दादा धुरकरी होता, म्हणजे पटात बैलजोडी हाकणारा. बैल मोठ्या शेतकऱ्यांचे, पण हाकायला दादा. त्याचं नाव होतं ते उठावासाठी. दोरी सुटली की पहिल्या दहा पावलांत जोडी जी झेप घेते, त्याला हे लोक उठाव म्हणतात. दादा म्हणायचा, शर्यत तिथंच होते, पुढचं नुसतं धुळीत पळणं.

मला चालता यायला लागलं काठी घेऊन, पण खाली बसलं की उठता येत नव्हतं. ज्याला उकिडवं बसून उठता येत नाही त्याची गावात सकाळी काय गत होते ते सांगायला नको. दादा माझ्यासोबत नाल्याकडे यायचा, पाठ करून उभा राहायचा आणि मी हाक मारली की काखेत हात घालून मला उचलायचा. चाळिशीच्या भावाने पस्तिशीच्या भावाला. वाटेत कुणी भेटलं की तो उगाच मोठ्याने पावसापाण्याच्या गप्पा करायचा.

एक दिवस त्याने मला एका बैलवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊन बसवलं. बैल रवंथ करत बसले होते. म्हणाला, बघ हे कसे उठतात. त्याने एकाला हाकारलं. बैलाने आधी मागचा भाग वर उचलला, क्षणभर पुढचे गुडघे टेकलेले, मग एका हिसक्यात पुढचे पाय.

"घोडं पुढून उठतं, ढोर मागून उठतं," दादा म्हणाला. "सगळा जोर पुठ्ठ्यात. तू घोड्यावानी उठाया बघून राह्यला, म्हून पडतो. बैलावानी ऊठ."

मी बैलासारखा उठलो. दोन्ही हात जमिनीला टेकवायचे, आधी पार्श्वभाग वर, मग हात गुडघ्यावर, मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहायचं. मुली हसून लोळायच्या. कौसल्याही तोंडाला पदर लावायची. पुढे तपासणीला गेलो तेव्हा ते व्यायामाच्या बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, कमजोर मांड्यांची माणसं आपोआप असंच उठायला शिकतात. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, मंग त्यायला बैलानंच शिकवलं असंल.

हात न टेकता उठायला आणखी दीड महिना लागला. दादा रोज संध्याकाळी पटातल्यासारखा ओरडायचा आणि मी उकिडव्यावरून उठायचो. दहादा, वीसदा, तीसदा. ज्या सकाळी नाल्यावरून मी दादाला हाक न मारता उठून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिलो, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि बिडी पेटवायला घेतली. तीन काड्या विझल्या. वारा नव्हता.

*

दिवाळीच्या आधी दाखला मिळाला. डॉक्टरांनी हातोडी मारली तेव्हा पाय थोडा उडाला. मांडीत जोर आहे, पोटरीत आहे. तळव्याला स्पर्श कमी कळतो, ते हळूहळू येईल किंवा एवढंच राहील, असं ते म्हणाले, पण कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. कौसल्याने तो कागद घडी न करता आणला, मोडेल म्हणून.

चालवून दाखवायची होती ती साहेबांना. ते माझ्या शेजारी बसले. हमीदभाईंना मुद्दाम बोलावलं होतं, ते मागे. मी स्टेअरिंगला हात लावला तेव्हा मला वाटलं होतं की रडू येईल. नाही आलं. गाडी सुरू केली, पहिला टाकला, रेस दिली.

गाडी उठली. काय उठली. दुसरा, तिसरा, आणि झाडं मागे जायला लागली. पायात जोर होता. साहेब म्हणाले, वा किसन. धावड्याच्या अलीकडचा तो चढ मी तिसऱ्यात चढवला. वर पोचल्यावर साहेबांनी मागे वळून हमीदभाईंकडे बघितलं, जसं काही गाडी त्यांनीच दुरुस्त केली होती.

परत येताना एका वस्तीजवळ एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती. भाऱ्यामुळे तिला बाजूचं दिसत नसावं. ती अचानक रस्ता ओलांडायला लागली. मी ब्रेक मारला. गाडी थांबली. बाई ओलांडून गेली, तिने मान वळवूनही बघितलं नाही. मधे चांगलं सात-आठ हात अंतर होतं. साहेबांना त्यात काही वाटलं नाही, ते काहीतरी बोलत होते, बोलतच राहिले.

पण ब्रेक मारायच्या आधी मी खाली बघितलं होतं.

पाय कुठे आहे ते मला कळलं नव्हतं. रेसवरून उचलला, पण तो ब्रेकवर आला की मधेच आहे, ते तळव्याने सांगितलं नाही. म्हणून डोळ्यांनी बघावं लागलं. डोळ्याची उघडझाप होते एवढाच वेळ, पण तेवढा वेळ मी रस्ता सोडून पायाकडे बघत होतो आणि गाडी चालत होती. पंधरा वर्षांत मी एकदाही पायाकडे बघितलं नव्हतं. कुठलाही ड्रायव्हर बघत नाही.

आरशात मी हमीदभाईंचा चेहरा बघितला. ते खिडकीबाहेर बघत होते, फार लक्ष देऊन, आणि बाहेर नुसतं रान होतं. तेव्हा मला कळलं की त्यांनी पाहिलं आहे आणि ते बोलणार नाहीत. मला वाचवण्यासाठी बोलणार नाहीत.

कचेरीत आल्यावर साहेबांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. मी टेबलासमोर उभा होतो. गप्प राहायला काहीच करावं लागणार नव्हतं. घरी वाट बघत होते, गावात वाट बघत होते. पाच-सहा महिन्यांत पायाला कळायलाही लागलं असतं, कुणी सांगावं.

"साहेब," मी म्हटलं, "मी पायाकडं बघितलं."

त्यांना कळलं नाही. त्यांनी हमीदभाईंकडे बघितलं. हमीदभाईंनी आपल्या भाषेत त्यांना समजावून सांगितलं. साहेबांनी पेन मिटलं. म्हणाले, वर्षभराने परत बघू, तोवर तुला कचेरीत शिपायाच्या जागेवर घेतो, बदलीवाला कायम होईल. मी किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर येऊन पाणी प्यायलो. काही वाटत नव्हतं.

*

घरी कौसल्याने दोन्ही मुलींना न्हाऊ घातलं होतं आणि पुरणाचा वास येत होता. तिने मला बघितलं आणि विचारलं, पास झालात न्हवं. मी म्हटलं, झालो. मग तिने माझ्या हाताकडे बघितलं, किल्लीसाठी. मी तिला पाटावर बसवून सगळं सांगितलं. चढ तिसऱ्यात चढवल्याचं सांगितलं, भाऱ्याचं सांगितलं, पायाकडे बघितल्याचं सांगितलं. साहेबांना कळलंच नव्हतं आणि मीच बोललो, हेही सांगितलं. हे सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. जिने माझ्यासोबत एकेक आकडा मोजला तिला न विचारता मी हे केलं होतं.

चुलीवरचं पुरण लागायला लागलं तरी ती उठली नाही.

मग तिने विचारलं, "ती बाई कोन व्हती?"

मी म्हटलं, काय माहीत. नाव-गाव काही कळलं नाही.

"न्हाई कळलं तेच बरं झालं," कौसल्या म्हणाली. "गाडीखाली आली असती तर कळलं असतं, अन् तिचं नाव आपल्या घरात जलमभर राह्यलं असतं."

ती उठून चुलीकडे गेली. मी तिथंच पाटाशेजारी बसलो होतो, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं. थोरली मुलगी विचारत होती, बाबा, पाय दुखतोय का. मी तिला जवळ घेतलं आणि नाही म्हटलं.